आयफोन १७ की गॅलक्सी एस२५? (कॅमेऱ्यासाठी विचारत नाहीये)

रेघोटी

नमस्कार मंडळी. माझा जुना गॅलक्सी आता निवृत्तीला आलाय. सुरक्षा अपडेट बंद झालेत, बॅटरी दुपारीच मान टाकते, आणि बँकेचं अ‍ॅप कधी रुसेल याचा नेम नाही. नवीन घ्यायचा हे ठरलंय. नावं खोडत खोडत यादीत दोनच उरलीत: अ‍ॅपलचा आयफोन १७ आणि सॅमसंगचा गॅलक्सी एस२५. दोन्ही साधेच, प्रो नको न् अल्ट्रा नको. एका हातात मावणारा फोन हवाय, आणि त्या मापाचं हल्ली कोणी फारसं बनवत नाही.

कॅमेऱ्याची तुलना करणारे व्हिडिओ पाहून डोळे शिणले. सूर्यास्त दोन्हीत छान येतो, कळलं. माझं काम वेगळं आहे. मी वयस्कर माणसांच्या लांबलचक मुलाखती रेकॉर्ड करते, लॅपटॉपवर घेते आणि ऐकत ऐकत कागदावर उतरवते. लॅपटॉप विंडोजचा आहे आणि तो बदलणार नाही. काही जण प्रत्यक्ष भेटू शकत नाहीत, त्यांच्याशी फोनवरच बोलते. तेही रेकॉर्ड करते, अर्थात आधी विचारून. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लोकांनी पाठवलेल्या व्हॉइस नोट्सचा ढीग आहे. त्यातली काही माणसं आता नाहीत, त्यामुळे त्या ढिगातलं एकही हरवून चालणार नाही.

नवा फोन सहा-सात वर्षं तरी वापरेन. धाकटा भाऊ आयफोनवाला. त्याचं एकच पालुपद, "एकदा घे, मग मला विचारूही नकोस." पण त्याचा फोन हातात घेतला की मला मागे कसं जायचं तेच सापडत नाही. हे सवयीने सुटेल हे मान्य. सवयीने न सुटणारं काय आहे, ते सांगा.

---

अर्धसफरचंद

आयफोन. डोळे झाकून. विषय संपला.

---

रेघोटी

डोळे उघडे ठेवून घ्यायचाय म्हणून तर विचारलं हो!

---

उघडझाप

फोन दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. दोन्ही कंपन्यांचे फोन रोज उघडतो, त्यामुळे प्रेम कोणावरच उरलेलं नाही. तुमच्या प्रश्नात चांगली गोष्ट ही की काम काय ते तुम्ही आधी सांगितलंत. बहुतेक लोक आधी फोन सांगतात.

तुमच्या कामात फोन ही वाटेतली जागा आहे. आवाज तिथे शिरतो आणि लॅपटॉपवर जातो. म्हणून बघायचं ते एवढंच, की आवाज बाहेर किती सहज निघतो.

गॅलक्सी केबलने विंडोजला जोडा, फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा, फोनमधली फोल्डरं लॅपटॉपवर दिसतात. रेकॉर्डिंगचं फोल्डर उघडा, सगळं निवडा, ओढून टाका. झालं. आयफोन तसाच जोडलात तर विंडोजला त्यातले फोटो आणि व्हिडिओ दिसतात, बस. व्हॉइस मेमोज या अ‍ॅपमधली रेकॉर्डिंगं तिथे दिसतच नाहीत. ती आयक्लाउडवर, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठ्यावर, जातात खरी, पण विंडोजसाठीच्या आयक्लाउडमध्येही व्हॉइस मेमोज नाहीत. मॅक असता तर हे वाक्य मी लिहिलंच नसतं, कारण मॅकवर ती आपोआप समोर येतात. विंडोजवर तुम्हाला मेमो निवडा, शेअर करा, फाइल्स अ‍ॅपमध्ये ठेवा, तिथून पुढे पाठवा असा द्राविडी प्राणायाम करावा लागेल. जमत नाही असं नाही. पण दर मुलाखतीनंतर, सात वर्षं? हा त्रास सवयीने जात नाही, सवयीने फक्त तक्रार बंद होते.

यूएसबीच्या वेगाचं कोणीतरी येऊन सांगेलच, म्हणून आधीच निकाल लावतो. आयफोन १७ चं पोर्ट यूएसबी-सी दिसतं पण आत वेग यूएसबी २ चा, म्हणजे कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट. एस२५ मध्ये ५ गिगाबिट. दहापट फरक ऐकून घाबरू नका. तासाभराचा आवाज १२८ केबीपीएसने साठवला तर जेमतेम ५८ एमबी होतो. अगदी कॉम्प्रेस न करता ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ घेतलात तरी तासाला १ जीबीच्या आसपास. एवढ्याला यूएसबी २ पुरून उरतं. तुम्ही तासन्‌तास ४के व्हिडिओ घेणार असाल तर गोष्ट वेगळी.

आता व्हॉइस नोट्स, कारण खरा धोका तिथे आहे. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गुगलच्या खात्यात जातो, आयफोनचा आयक्लाउडमध्ये. एकाचा बॅकअप दुसऱ्यावर उतरवता येत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर जायचं तर अ‍ॅपलचं 'मूव्ह टू आयओएस' अ‍ॅप वापरावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपची ही सोय २०२२ मध्ये आली. अट अशी की आयफोन कोरा हवा, म्हणजे नवा किंवा रीसेट केलेला. आधी हौसेने आयफोन सुरू करून चार दिवस वापरलात आणि मग चॅट आणायला गेलात, तर पुन्हा पुसून पहिल्यापासून. बहुतेक वेळा हे नीट पार पडतं. पण बहुतेक वेळा या शब्दावर मेलेल्या माणसांचे आवाज सोपवू नका.

कुठलाही फोन घ्या, आज रात्रीच हे करा. जुना फोन लॅपटॉपला जोडा. अंतर्गत साठ्यात 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात 'com.whatsapp', त्यात व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर, त्यात पुन्हा 'मीडिया', आणि तिथे 'व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोट्स' असं फोल्डर आहे. आत वर्ष आणि आठवड्याचे आकडे टाकलेली फोल्डरं दिसतील. सगळंच्या सगळं कॉपी करा. दोन ठिकाणी. या फाइलींवर कोणाचं नाव नसतं, फक्त तारीख असते. तेव्हा महत्त्वाच्या नोट्स चॅट उघडून ओळखून नावं द्यायचं काम जुना फोन हाताशी आहे तोवरच उरकून घ्या. आयफोनवर हे फोल्डर तुम्हाला असं उघडून बघताच येत नाही.

दुरुस्तीचंही सांगतो, सात वर्षांत बॅटरी किमान एकदा बदलाल म्हणून. गॅलक्सीत मागची काच गरम करून सोडवायची, बॅटरी तिच्याखालीच. आयफोन १६ मध्ये अ‍ॅपलने बॅटरीचा गोंदच असा वापरला की कमी दाबाची वीज दिली की तो सुटतो. ९ व्होल्टची साधी बॅटरी लावून काम होतं. काम करणारा म्हणून मला ते आवडलं, सरळ सांगतो. पण आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी किंवा स्क्रीन घातली की फोन सेटिंगमध्ये कुरकुरतो, "हा भाग अस्सल असल्याची खात्री करता आली नाही" म्हणून. अस्सल भाग जुन्या फोनातून काढून बसवला तरी आधी हेच व्हायचं. आयओएस १८ (आयओएस म्हणजे आयफोनची कार्यप्रणाली) पासून त्यात थोडी ढिलाई आलीय. गॅलक्सी या बाबतीत मुकाट असतो. पण त्याची स्क्रीन बहुधा फ्रेमसकट बदलावी लागते, आणि ते काम अंगावर येतं. तेव्हा फोन पाडू नका, कुठलाही असो.

---

दुसरीबाजू

उघडझाप, मुद्दे चोख आहेत, पण पारडं जरा ओढून धरल्यासारखं वाटलं. मी वर्षानुवर्षं अँड्रॉइड वापरून आयफोनवर आले आणि माझाही लॅपटॉप विंडोजचाच आहे. व्हॉइस मेमोजचा त्रास खरा, पण त्यावर तोडगा आहे. यूएसबी-सी पेनड्राइव्ह थेट आयफोनला लावायचा, मेमोजमध्ये हव्या त्या फाइली एकदम निवडायच्या, 'फाइल्समध्ये ठेवा' म्हणून पेनड्राइव्ह दाखवायचा. तोच पेनड्राइव्ह लॅपटॉपला. केबलपेक्षा एखादी पायरी जास्त असेल, आणि वर एक प्रत आपोआप पेनड्राइव्हवर राहते. रेघोटीताईंना दोन ठिकाणी प्रत हवीच आहे ना?

मला बोलायचंय ते वर्षांबद्दल. सॅमसंग एस२५ ला सात वर्षं अपडेट देणार म्हणतं, म्हणजे २०३२ पर्यंत. उत्तम. पण सात वर्षांचं हे वचन त्यांनी पहिल्यांदा दिलं जानेवारी २०२४ मध्ये, एस२४ बरोबर. म्हणजे ते पुरं झालेलं बघायला २०३१ उजाडावं लागेल. अ‍ॅपल उलट. छापील वचन द्यायला ते कंजूष. ब्रिटनच्या कायद्यासाठी लिहून दिलं तेव्हा किमान पाच वर्षं एवढंच म्हणाले. पण करून काय दाखवलं? २०१८ चा आयफोन एक्सएस आयओएस १२ घेऊन आला आणि आयओएस १८ पर्यंत चालला. २०१३ च्या आयफोन ५एस ला जानेवारी २०२३ मध्येसुद्धा सुरक्षेचा अपडेट आला होता. मी केलेल्या कामाकडे बघते, बोललेल्याकडे नाही.

आणि अपडेट ज्या दिवशी येतो त्या दिवशी तो चालणाऱ्या सगळ्या आयफोनांना येतो. सॅमसंगमध्ये आधी गुगल नवं अँड्रॉइड काढणार, मग सॅमसंग त्यावर वन यूआय हा आपला मुखवटा चढवणार, मग एकेका मॉडेलची पाळी. वन यूआय ७ साठी एस२४ वाल्यांना एप्रिल २०२५ पर्यंत ताटकळावं लागलं होतं, तेही वरच्या श्रेणीचा फोन असून.

कॉल रेकॉर्डिंगचं कोणीच बोललं नाही अजून. आयओएस १८.१ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून, आयफोनमध्ये ते आहे. बटण दाबलं की दोन्हीकडे ऐकू येतं की हा कॉल रेकॉर्ड होतोय, आणि ध्वनिफीत नोट्स अ‍ॅपमध्ये जाते. ती सूचना बंद करता येत नाही. लपूनछपून करणाऱ्यांची अडचण होईल, ताईंची होणार नाही. उलट परवानगी घेतल्याचा पुरावा रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बसतो.

---

उघडझाप

अपडेटचा इतिहास अ‍ॅपलच्या बाजूने आहे, हे बिनशर्त मान्य. सॅमसंगची परीक्षा अजून व्हायचीय.

कॉल रेकॉर्डिंगबाबत मात्र दोन्हीकडे पाय जपून टाका. सॅमसंगच्या फोन अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंगची सोय असते, पण कुठल्या प्रदेशासाठीचा फोन आहे त्यावर अवलंबून. एका प्रदेशात विकलेल्या एस२५ मध्ये ती दिसते, दुसरीकडच्या त्याच एस२५ मध्ये नसते. आयफोनचीही सोय सगळ्या देशांत चालू नाही. बाहेरचं अ‍ॅप टाकून काम भागेल म्हणाल तर तो दरवाजा गुगलने मे २०२२ मध्येच लावून घेतला. दिव्यांगांसाठीच्या सुविधेच्या आडून कॉल रेकॉर्ड करणारी अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून तेव्हा हद्दपार झाली. तेव्हा जो फोन घेणार तोच हातात घेऊन, फोन अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'कॉल रेकॉर्ड करा' आहे का ते डोळ्यांनी बघा. दुकानदाराच्या तोंडी "असतं हो" वर जाऊ नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे कॉल यात धरू नका, दोन्हीकडे.

---

बाराखडी_बहाद्दर

टायपिंगचा मुद्दा राहिलाच की. मराठी कीबोर्ड दोन्हीत आहेत, गुगलचा जीबोर्ड दोन्हीवर टाकता येतो. पण आयफोनवर बाहेरचा कीबोर्ड पाहुण्यासारखा राहतो. पासवर्डची जागा आली की फोन त्याला बाजूला सारून स्वतःचा कीबोर्ड पुढे करतो. सुरक्षेसाठी ठीक आहे ते, पण बोटं अडखळतात.

त्याहून मोठी गोष्ट क्लिपबोर्डची. सॅमसंगच्या कीबोर्डमध्ये आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी राहते. जुन्या चार ओळी, एक फोन नंबर, एक लिंक, सगळं उचलून परत चिकटवता येतं. आयफोनमध्ये शेवटचं कॉपी केलेलं तेवढं राहतं, नवं कॉपी केलं की जुनं गेलं. मुलाखतीचे तुकडे इकडून तिकडे हलवणाऱ्याला हे दिवसातून कितीदा लागत असेल विचार करा. शिवाय अँड्रॉइडमध्ये नोटिफिकेशनचा इतिहास चालू करून ठेवता येतो. चुकून सरकवलेली सूचना नंतर शोधता येते. आयफोनवर ती गेली म्हणजे गेली.

मागे जायचं बटण हवं असेल तर गॅलक्सीच्या सेटिंगमध्ये खालची तीन बटणं आजही परत आणता येतात.

---

अर्धसफरचंद

बरं, आता जरा सविस्तर, मघाशी घाईत होतो. आयफोन १७ मध्ये ६.३ इंची पडदा, एस२५ मध्ये ६.२. वजन १७७ ग्रॅम विरुद्ध १६२. म्हणजे हातात मावण्यात एस२५ पुढे, हे मीच कबूल करतो, लिहून ठेवा. पण चार्जिंग बघा. ४० वॉटचा चार्जर असेल तर आयफोन १७ वीस मिनिटांत निम्मा भरतो, एस२५ अजून २५ वॉटवर अडकलाय. साध्या आयफोनला १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा पडदाही १७ मध्ये मिळाला. (सॅमसंगवाल्यांनो, "आमच्याकडे २०२० पासून होता" हे माहीत आहे, पुन्हा नका सांगू.)

आणि पुढे विकायला गेलात तर आयफोनचा भाव जास्त टिकतो.

---

रेघोटी

सात वर्षं वापरून झाल्यावर त्याचा भाव कोण विचारणार, अर्धसफरचंद? माझ्याकडून फोन भंगारातच जातो. वजनाचं मात्र लिहून ठेवलं.

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री व्हॉइस नोट्सचं फोल्डर सापडलं. केवढं आहे ते! आता नावं देत बसलेय, काम पुढच्या आठवड्यात जाईल बहुतेक. आवाज ऐकून कोण ते लगेच कळतं, पण कुठल्या विषयावरचं बोलणं ते पूर्ण ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि पूर्ण ऐकायला लागलं की तास निघून जातो.

माझा कल आता गॅलक्सीकडे झुकतोय. दुसरीबाजू, तुमचा अपडेटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटला, तरीही. कारण अपडेट वर्षातून काही वेळा येणार आणि लॅपटॉपला फोन मी रोज जोडणार. पेनड्राइव्हचा तोडगा चांगला आहे, पण तो मी हरवीन. मला मी ठाऊक आहे.

दोन शंका. एस२५ मध्ये १२८ जीबी घेऊ की २५६? आणि मुलाखतीच्या मध्येच कॉल आला तर रेकॉर्डिंगचं काय होतं?

---

दुसरीबाजू

पेनड्राइव्ह हरवणाऱ्या बाईशी वाद नाही. घ्या गॅलक्सी. 🙂

एक करा मात्र. सॅमसंगमध्ये 'सिक्युअर फोल्डर' म्हणून कुलूपबंद कप्पा असतो. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं तुमच्या फोनमध्ये असणार, लॅपटॉपवर जाईपर्यंत ते तिथे ठेवता येईल. फक्त एक लक्षात असू द्या, त्या कप्प्यातल्या फाइली केबलने जोडल्यावर दिसत नाहीत. आधी बाहेर काढायच्या, मग न्यायच्या.

---

उघडझाप

२५६ घ्या. एस मालिकेत मेमरी कार्डाची खाच २०२१ च्या एस२१ पासूनच गेली, नंतर वाढवायची सोय नाही. आयफोनलाही ती कधीच नव्हती, पण १७ ची सुरुवातच २५६ पासून आहे, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. फक्त आवाजच असता तर १२८ पुरलं असतं. व्हॉट्सअ‍ॅप पुरू देणार नाही.

कॉलचं म्हणाल तर या परीक्षेत पडूच नका. मुलाखतीआधी विमान मोड, दोन्ही कंपन्यांच्या फोनला हाच नियम. मग कॉलही नाही आणि टेबलावर थरथराटही नाही. समोरासमोर दोघंच बसला असाल तर सॅमसंगच्या व्हॉइस रेकॉर्डरमध्ये 'इंटरव्ह्यू' नावाचा पर्याय आहे का बघा, बऱ्याच गॅलक्सींमध्ये असतो. वरचा आणि खालचा असे दोन माइक वापरतो तो. फोन दोघांच्या मधोमध, एक टोक तुमच्याकडे आणि एक त्यांच्याकडे असा आडवा ठेवायचा. आधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोन लावून ऐका, पंख्याचा आवाज कानाला जाणवत नाही पण रेकॉर्डिंगमध्ये घुसतो.

बॅटरीच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे. घरी असताना ती चालू ठेवा, लांबच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री बंद करून पूर्ण भरा.

आणि व्हॉइस नोट्सच्या प्रतींमधल्या निरनिराळ्या वर्षांच्या काही फाइली लॅपटॉपवर उघडून खरंच वाजतात का बघा. ओपस प्रकारच्या असतात त्या, उघडल्या नाहीत तर व्हीएलसी प्लेअर टाका. ते झाल्याशिवाय जुना फोन रीसेट करू नका. नवा आल्यावरही महिनाभर तो तसाच चार्ज करून कपाटात राहू दे.

---

अर्धसफरचंद

मी आपला भावाच्या बाजूने होतो. त्याला सांगा, आम्ही लढलो.